२८१ पावलांची ४५ पावलं: स्वयंपाकघरावरचा एक जुना प्रयोग कसा वाचायचा?

जुनं, लहान स्वयंपाकघर कमी खर्चात नीट कसं लावायचं, यावर सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. ट्रॉल्या बसवून घ्या, चिमणी लावा, भिंतभर कपाटं करा, ‘वर्क ट्रँगल’ सांभाळा. यातला बराचसा सल्ला मुळात संशोधनातून आलेला आहे, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. शंभरेक वर्षांपूर्वी काही लोकांनी स्वयंपाकघरात वही, घड्याळ आणि फूटपट्टी घेऊन बसून मोजमाप केलं. त्यातून काही निष्कर्ष निघाले, आणि त्या निष्कर्षांवर पुढे मोठा बाजार उभा राहिला.

आजच्या पोस्टमध्ये त्यातल्या एका प्रयोगाची चिकित्सा करायची आहे. तुम्ही पेटची तयारी करत असाल, विषय शोधत असाल, किंवा नुकताच प्रस्ताव लिहायला घेतला असेल, तर हा प्रयोग सरावासाठी उत्तम आहे. आकडे मोजके, पद्धत समजायला सोपी, आणि ज्या गोष्टीबद्दल आहे ती तुमच्या घरातच आहे. माझं एक मत आधीच सांगून ठेवते: या संशोधनातली सगळ्यात भक्कम गोष्ट फुकट होती, आणि म्हणूनच ती विकली गेली नाही.

प्रयोग काय होता?

लिलियन गिलब्रेथ या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ. पती फ्रँक यांच्याबरोबर त्यांनी कारखान्यातल्या कामगारांच्या हालचालींचा अभ्यास केला होता. एखादं काम छोट्या छोट्या हालचालींत मोडायचं, अनावश्यक हालचाल काढून टाकायची, असा तो प्रकार. १९२४ मध्ये पती गेले. त्यानंतर त्या हीच पद्धत घरकामाकडे घेऊन गेल्या. १९२९ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका गॅस कंपनीसाठी त्यांनी एक आदर्श स्वयंपाकघर आखलं. शेगडी आणि कामाचा ओटा शेजारी शेजारी, जिन्नस वरच्या फळीवर, भांडी खाली, फ्रिज एका पावलावर, आणि जागा कमी पडली तर ओढून घ्यायला चाकांचं एक टेबल.

मग चाचणी झाली. स्ट्रॉबेरी शॉर्टकेक हा एकच पदार्थ दोनदा केला. एकदा अव्यवस्थित लावलेल्या ‘नेहमीच्या’ स्वयंपाकघरात आणि एकदा नव्या आखणीच्या स्वयंपाकघरात. प्रत्येक कृती आणि प्रत्येक पाऊल मोजलं. निकाल असा छापून आला: कृती ९७ वरून ६४ वर आल्या, आणि पावलं २८१ वरून ४५ वर.

२८१ वरून ४५, म्हणजे सहाव्या हिश्शापेक्षाही कमी. असा आकडा वाचला की आपण सगळेच थोडे दबून जातो. म्हणूनच इथे थांबायचं.

आधी जमेची बाजू

चिकित्सा म्हणजे चुका काढणं, असा एक समज पहिल्या वर्षाच्या मुलामुलींमध्ये असतो. तसं नाही. अभ्यासात चांगलं काय आहे हे आधी सांगता आलं पाहिजे, नाहीतर पुढच्या आक्षेपांना वजन येत नाही.

या चाचणीत एक गोष्ट फार चांगली केली होती. दोन्ही स्वयंपाकघरांत उपकरणं आणि भांडी सारखीच ठेवली होती. तीच साधनं, तोच पदार्थ, बदलली ती फक्त मांडणी. पद्धतीच्या भाषेत बोलायचं तर बाकीचे घटक स्थिर ठेवून एकच घटक बदलला. म्हणजे जो फरक दिसला, तो नव्या शेगडीमुळे किंवा महागड्या कपाटामुळे आला असं म्हणता येत नाही. वस्तू कुठे ठेवली आहे, एवढ्यानंच तो फरक पडला.

हे वाक्य पुन्हा वाचा, कारण कमी बजेटवाल्यांसाठी सगळा अर्थ त्यातच आहे. गॅस कंपनीनं पैसे घातलेल्या चाचणीतून सिद्ध काय झालं, तर काही विकत न घेताही फायदा होतो!

आता शंका

पहिली शंका तुलनेबद्दल. ते ‘अव्यवस्थित’ स्वयंपाकघर कुणी लावलं? कुठल्याशा खऱ्या घरातलं, वर्षानुवर्षं वापरातलं ते स्वयंपाकघर नव्हतं. चाचणीसाठी उभं केलेलं होतं. खऱ्या घरात बाई पाच वर्षं राहिली की वस्तू हळूहळू आपल्या जागा धरतात. मीठ शेगडीजवळ येतं, सांडशी खिळ्याला लागते. तुलनेसाठी मुद्दाम वाईट लावलेली खोली घेतली, तर कुठलीही सुधारणा मोठीच दिसणार. तुमच्या प्रस्तावात ‘पारंपरिक पद्धत’ विरुद्ध ‘माझी पद्धत’ अशी तुलना असेल तर परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील, की ती पारंपरिक पद्धत कुणी ठरवली?

दुसरी शंका पदार्थाबद्दल. एकच केक. रोजचा स्वयंपाक असा एका रेषेत होत नाही. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर फोडणी, मधेच दूध उतू जातंय, दारात कचरेवाला, आणि कणीक अजून मळायची आहे. एका पदार्थाचा निष्कर्ष चार पदार्थांच्या गर्दीला लागू होईलच असं नाही. याला बाह्य वैधतेचा प्रश्न म्हणतात. नाव जड आहे, पण विचारायचं एवढंच: इथे दिसलं ते तिथेही दिसेल का?

तिसरी शंका आकडा निवडण्याबद्दल. दोन आकडे आहेत. पावलं सुमारे ८४ टक्क्यांनी कमी झाली, कृती मात्र सुमारे ३४ टक्क्यांनीच. लोकांच्या लक्षात कुठला राहिला? अर्थात मोठा. पण मळणं, चिरणं, ढवळणं, घासणं हे कष्ट कृतींमध्ये आहेत, चालण्यात नाहीत. तेव्हा सारांशात एकच आकडा दिसला की शेजारचा आकडा शोधायची सवय लावून घ्या.

चौथी शंका पैशाबद्दल. गॅस कंपनीला गॅसवरची उपकरणं खपवायची होती. म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, आणि वर म्हटलं तसं इथे तर तो कंपनीच्या फायद्याचाही नव्हता. पण निष्कर्षाचं पुढे काय होतं हे मात्र पैशावर ठरतं. गिलब्रेथ यांच्या आधी ख्रिस्तीन फ्रेडरिक यांनी १९१३ मध्ये घरकामाच्या शास्त्रीय आखणीवर एक पुस्तक लिहिलं होतं. वाईट आणि चांगल्या मांडणीत बाईचा चालण्याचा रस्ता कसा बदलतो याच्या आकृत्या त्यात आहेत. त्याच फ्रेडरिक यांनी १९२९ मध्ये आणखी एक पुस्तक लिहिलं. विषय होता, गृहिणींना माल कसा विकावा. ‘आहे त्याच वस्तू नीट लावा’ इथपासून ‘नव्या वस्तू घ्या’ इथपर्यंतचा प्रवास सोळा वर्षांत, एकाच लेखिकेच्या हातून झाला.

निष्कर्षाची भिंत झाली तेव्हा

फ्रेडरिक यांचं पुस्तक जर्मनीत पोचलं आणि ते वाचणाऱ्यांत मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की ही तरुण वास्तुविशारद होती. १९२६ मध्ये फ्रँकफर्ट शहराच्या गृहबांधणी योजनेसाठी त्यांनी जे स्वयंपाकघर आखलं, ते आज ‘फ्रँकफर्ट किचन’ म्हणून ओळखलं जातं. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. त्यांच्यासमोर नमुना होता आगगाडीच्या डायनिंग कारमधल्या स्वयंपाकघराचा. साखर, तांदूळ वगैरेंसाठी नावं घातलेले ॲल्युमिनियमचे खण, पिठात किडे होऊ नयेत म्हणून पिठाचा डबा ओकच्या लाकडाचा, इस्त्रीसाठी भिंतीला मिटणारी फळी, खिडकीपाशी बसून चिरायला फिरतं स्टूल. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली.

बारकाव्यांत ते खरोखर सुंदर काम आहे. पण आपल्याला चिकित्सा करायची आहे. शुट्टे-लिहोत्स्की यांनीच पुढे मोकळेपणानं सांगितलं होतं, की हे आखेपर्यंत त्यांनी स्वतः घर चालवलेलं नव्हतं, स्वयंपाक केलेला नव्हता. यात गैर काही नाही. ज्यावर संशोधन करायचं ते आपण स्वतः जगलेलं असलंच पाहिजे असा नियम नाही. पण मग वापरणाऱ्यांकडून माहिती यावी लागते. इथे ती मुख्यतः पुस्तकातून, घड्याळातून आणि आगगाडीतून आली.

परिणाम असा, की एकच व्यक्ती, एकच क्रम, एकच आहार धरून स्वयंपाकघर भिंतीत बसवलं गेलं. दोघांनी मिळून काम करायला जागा नाही. बसून जेवायला नाही. मूल पायाशी खेळायला नाही. खणावर नाव ‘तांदूळ’ असेल आणि घरात बटाटे जास्त लागत असतील, तर नाव बदलत नाही. १९७० च्या दशकापासून स्त्रीवादी अभ्यासकांनी यावर नेमकं बोट ठेवलं: पावलं वाचली, पण बाई एका खोलीत एकटी पडली.

आता १९२० च्या दशकातली मुंबई बघा. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड इथे चाळी बांधत होतं. त्याच आपल्या बीडीडी चाळी. एका कुटुंबाला खोली १६० चौरस फुटांची. चूल तिथेच, मोरी तिथेच, झोपणंही तिथेच. फ्रँकफर्टचं नुसतं स्वयंपाकघर साधारण ७० चौरस फुटांचं होतं. म्हणजे तिथे जे ‘कमीत कमी’ धरून आखलं गेलं, ते इथल्या पूर्ण बिऱ्हाडाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त होतं! आणि गिरणगावात अशाच खोल्यांतून बायका खानावळी चालवत होत्या, आपलं घर सांभाळून गिरणी कामगारांना जेवू घालत होत्या. ‘लहान स्वयंपाकघर’ हा शब्द संशोधनात वाचलात, की किती लहान, कुणासाठी लहान, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लहान जागेत पावलं मोजून उपयोग काय?

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. शेगडी, सिंक आणि फ्रिज यांच्यामध्ये काढलेला तो प्रसिद्ध त्रिकोण १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून पुढे आला. त्रिकोणाची प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट आणि तिन्हींची बेरीज २६ फुटांच्या आत, असा त्याचा सर्वसाधारण नियम. आता तुमच्या भाड्याच्या वन आरकेमध्ये हा त्रिकोण काढून बघा. ओटा एकाच भिंतीला, सहा फुटांचा. एका टोकाला सिंक, दुसऱ्या टोकाला शेगडी, फ्रिज बाहेरच्या खोलीत. त्रिकोण कसला, सरळ रेषच होते.

अशा जागेत सगळंच दोन पावलांवर असतं. पावलं आणखी कमी होऊच शकत नाहीत. मोजपट्टी तळाला टेकली की तिला फरक दिसेनासा होतो. म्हणजे पावलांच्या मापानं बघितलं तर लहान स्वयंपाकघर हेच आदर्श स्वयंपाकघर! पण तिथे काम करणाऱ्याला विचारा. त्रास वेगळाच असतो. चिरलेली भाजी ठेवायला जागा नाही. कुकर काढायचा तर आधी चार डबे हलवायचे. ट्यूबलाइट पाठीमागच्या भिंतीवर, त्यामुळे आपलीच सावली विळीवर. दोघं एकदम आत आले की एकानं बाहेर जायचं. दर वेळी वाकून ओट्याखालचं पातेलं काढायचं.

म्हणजे चालणं हे कष्टाचं प्रॉक्सी होतं. मोठ्या अमेरिकन स्वयंपाकघरात ते बऱ्यापैकी चालत होतं. जागा बदलली, प्रॉक्सी निकामी झालं, पण नियम तसाच फिरत राहिला. तुमच्या संशोधनात तुम्ही ‘वाचनाची आवड’ मोजायला ग्रंथालयातल्या नोंदी घ्याल, ‘सहभाग’ मोजायला हजेरी घ्याल. हरकत नाही, पण हे माप कुठे चालतं आणि कुठे चालायचं थांबतं, याचा एक परिच्छेद तरी लिहा.

बघणारा बसला की काय होतं?

याच परंपरेवर ‘किचन स्टोरीज’ नावाचा एक सिनेमा आहे. नॉर्वेच्या बेंट हामर यांनी तो २००३ मध्ये केला. घरकामावर संशोधन करणारी संस्था स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात खरोखरच होती, तिच्या धर्तीवर ही गोष्ट रचली आहे. एका एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात निरीक्षक उंच खुर्चीवर बसतो. बोलायचं नाही, मदत करायची नाही, फक्त नोंदी. म्हातारा काय करतो? स्वयंपाकघर वापरणंच टाळतो. आणि छताला भोक पाडून वरून निरीक्षकाचंच निरीक्षण करतो.

क्षेत्रकार्याला जाण्याआधी हा सिनेमा जरूर बघा. निरीक्षणाच्या मर्यादांवर वर्गात तासभर ऐकलेलं दीड तासात पक्कं होतं.

वाचलेला वेळ जातो कुठे?

समजा पावलं खरोखर वाचली. मग काम कमी झालं का? जोॲन व्हॅनेक यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या वेळ-नोंदी तपासल्या. नोकरी न करणाऱ्या गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत होत्या, आणि १९६० च्या दशकात सुमारे ५५ तास. मधल्या काळात गॅस, फ्रिज, वॉशिंग मशिन सगळं आलं होतं. रुथ श्वार्ट्झ कोवन यांच्या १९८३ च्या पुस्तकाचा विषयही हाच आहे. साधनं आली तशा अपेक्षा वाढल्या, आणि घरातल्या इतरांचं काम सुटून बाईकडेच आलं.

आपल्याकडचा आकडाही ठेवा. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातलं विनामोबदला काम करणाऱ्यांपैकी बायका दिवसाला २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. आणि हे काम करणाऱ्या पुरुषांचं प्रमाणच मुळात सुमारे २६ टक्के होतं, बायकांचं ८१ टक्के. फळ्या कितीही नीट लावल्या तरी ही दरी फळीनं भरत नाही. स्वयंपाकघरावरच्या संशोधनानं ‘कसं’ हे फार बारकाईनं विचारलं, ‘कोण’ हे जवळजवळ विचारलंच नाही. फ्रेडरिक, गिलब्रेथ, फ्रँकफर्ट, सगळ्यांच्या आकृतीत एकच बाई गृहीत आहे. संशोधनात गृहीतक बहुधा असंच लपतं, कुणी वाद घालत नाही अशा जागी.

मग यातून घ्यायचं काय?

पद्धत घ्या, नकाशा सोडा. तुमच्या घरात खर्चाच्या आधी हे करून बघा. क्षेत्रकार्याचा सरावही होईल.

१. आठवडाभर काही हलवू नका, फक्त नोंद ठेवा. कुठल्या वस्तूला दिवसातून किती वेळा हात लागला, किती वेळा वाकावं लागलं, कुठे दोघांची टक्कर झाली, आणि त्या वेळी काम कोण करत होतं. वही ओट्याजवळ टांगा. एकट्यानं भरू नका, घरातल्या सगळ्यांना भरायला लावा. आईच्या किंवा काकूंच्या नोंदी तुमच्यापेक्षा वेगळ्या निघाल्या तर दोन्ही ठेवा, सरासरी काढू नका.

२. वस्तूंचे तीन ढीग करा: रोजच्या, आठवड्याच्या, सणावारीच्या. रोजच्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात, आठवड्याच्या खाली, पुरणयंत्र आणि मोठी पातेली माळ्यावर. यात एक पैसा जात नाही, आणि १९२९ च्या चाचणीत नेमकं एवढंच टिकलं होतं.

३. उंची बघा. हलक्या हातकामासाठी ओटा कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावा, असं श्रमशास्त्र सांगतं. कणीक मळण्यासारख्या जोराच्या कामाला त्याहूनही खाली. जमिनीवर परात घेऊन बसण्यात आपल्या आज्यांचा हिशोब होताच. ओटा तोडायची गरज नाही. उंच माणसाला जाड पाटावर चिरता येतं, बुटक्याला पायाखाली पाट घेता येतो.

४. पैसे घालायचेच असतील तर आधी उजेडावर घाला. वरच्या फळीच्या खालच्या अंगाला एक एलईडी पट्टी लावली की सावलीचा प्रश्न संपतो. त्यानंतर चाकांचं एक लहान टेबल किंवा सिंकवर ठेवायची फळी घ्या, म्हणजे चिरलेलं ठेवायला जागा होते. ट्रॉल्या आणि कपाटं सगळ्यात शेवटी.

५. कपाटं केलीत तर सिलेंडर बंद पेटीत कोंडू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तळाशी साचतो. त्यामुळे खालच्या बाजूला हवा जायला मोकळी जागा हवीच. नीटनेटकं दिसणं आणि सुरक्षित असणं यांत निवड करावी लागली तर सुरक्षिततेची करा.

शेवटी तुमच्यासाठी गृहपाठ. एका आठवड्याच्या नोंदींवरून असा एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर पावलं मोजून मिळणार नाही. पावलांऐवजी काय मोजाल, ते माप कुणाच्या बाजूनं झुकतं, आणि घरातलं कोण तुमच्या नोंदीत आलंच नाही, हे त्याखाली तीन ओळींत लिहा. प्रस्तावातला ‘समस्येचं विधान’ हा भाग भरताना अनेक जण महिना काढतात. बऱ्याचदा तो एवढ्यातच मिळून जातो.